साताऱ्याच्या काकूंकडून घेतलेलं कॉकर स्पॅनियलचं पिल्लू

कॉकर स्पॅनियल घ्यायचं मनात असेल आणि थांबायची तयारी असेल, तर साताऱ्यात शाहूपुरीच्या बाजूला एक काका-काकू राहत्या घरात पिल्लं वाढवतात, त्यांच्याकडून घ्या. नाव-नंबर इथे देत नाही, कारण त्यांना तसं आवडत नाही. कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे चौकशी केली की पत्ता मिळतो, आम्हालाही तसाच मिळाला. आमची तिळू त्यांच्याकडून आली त्याला आता वर्ष होऊन गेलं. मुद्दामच इतके दिवस थांबून लिहिते आहे. पिल्लू घरी आल्याच्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळं गोड वाटतं. देणारा माणूस कसा आहे ते पहिला उन्हाळा, पहिली दिवाळी आणि पहिलं दुखणं झाल्यावर कळतं.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नवऱ्याचा बेदाण्याचा व्यापार, घरात सासूबाई आणि कॉलेजला जाणारी मुलगी. सासरचं मूळ गाव जतकडचं, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी कुत्रं म्हणजे कारवान. सडपातळ, लांब पायांचं, सशामागे सुटलं की दिसेनासं होणारं. केसाळ, लोंबत्या कानांचं कुत्रं आणि तेही पैसे मोजून, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आपल्या हवेत मुरलेलं जनावर कमी कटकटीत वाढतं, आणि कारवानला केनेल क्लब ऑफ इंडियाची मान्यताही आहे. पण आम्हाला घरभर माणसाच्या मागे मागे फिरणारं, मांडीशी येऊन बसणारं, मध्यम चणीचं कुत्रं हवं होतं. इंग्लिश कॉकर साधारण तेरा-चौदा किलोचा होतो, खांद्याला पंधरा-सोळा इंच. गावभागातल्या जुन्या घराला तेवढंच झेपतं.

शोध सुरू केला तेव्हा आधी विक्रेत्यांचे फोन झाले. बोलणं सगळीकडे एकाच छापाचं. "ताई, पस्तीस दिवसांचं आहे, एकदम ॲक्टिव्ह, विथ पेपर हवं तर हा रेट, विदाउट पेपर हवं तर तो." पेपर म्हणजे वंशावळीच्या नोंदणीचे कागद. आई बघायला मिळेल का विचारलं की आई 'फार्मवर' असते. फार्म कुठे, तर लांब. केंद्र सरकारचे २०१७ चे कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. त्यांत स्पष्ट म्हटलंय की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची पिल्लं घ्यायची नाहीत, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही. पस्तीस दिवसांचं पिल्लू म्हणजे आईपासून ओढून काढलेलं बाळ. आमच्या गल्लीतल्या एका घरी असंच एक पिल्लू खोक्यातून आलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली, पार्वो (कुत्र्यांचा संसर्गजन्य विषाणू) निघाला, आठवड्यात गेलं. त्या घरातला मुलगा महिनाभर कुणाशी बोलत नव्हता. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

म्हणून काकूंना पहिला फोन केला तेव्हा मी वहीत प्रश्न लिहूनच बसले होते. ते विचारायची वेळच आली नाही, कारण प्रश्न त्याच विचारत होत्या. दिवसभर घरी कोण असतं? सासूबाईंचं वय काय, त्यांना कुत्र्याची भीती वाटते का, पिल्लू पायात आलं तर पडतील का? गच्चीला कठडा आहे का, गज किती अंतरावर आहेत? आधी कुत्रं पाळलंय का, आणि ते कशाने गेलं? पुढे पिल्लं काढायचा विचार आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी 'नाही' म्हटलं, तेव्हा त्यांचा आवाज जरा सैल झाला.

मग नवरा काय करतो ते विचारलं. बेदाण्याचा व्यापार म्हटल्यावर फोनवर क्षणभर शांतता. "घरी आणतात का माल?" सांगलीत बेदाण्याच्या धंद्यातल्या घरात काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मार्केट यार्डातून सॅम्पलच्या पुड्या येतात, टेबलावर पडतात, सोफ्यावर पडतात, शर्टाच्या खिशातून धुण्यात जातात. काकू म्हणाल्या, "ताई, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. मूत्रपिंडं बंद पडतात. कुणाला थोड्यानं होतं, कुणाला जास्तीनं होतं, आणि कुठलं कुत्रं कुठल्या गटातलं ते आधी कळत नाही. तेव्हा एकसुद्धा नाही." मी लॅबमध्ये रोज क्रिएटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचे, रिपोर्ट काढते, पण हे मला माहीत नव्हतं, आणि सांगलीसारख्या गावात हे घरोघरी माहीत असायला हवं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं असं अलीकडे डॉक्टर मानतात. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून तेवढ्याच वजनाच्या द्राक्षांपेक्षा तो जास्त घातक. शिरा, खीर, लाडू, केक, सगळीकडे तो असतोच. काकूंनी अट घातली की पुड्यांची काय व्यवस्था केली ते आधी दाखवा, मग पुढचं बोलू. आम्ही भिंतीतल्या वरच्या कपाटाला कडी लावून घेतली, त्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून आमच्या घरात सॅम्पल खाली ठेवलं जात नाही. नवऱ्याला सुरुवातीला हे अति वाटलं, आता तोच दुसऱ्या व्यापाऱ्यांना सांगत असतो.

दुसरा प्रश्न पुराचा. "गावभाग म्हणजे २०१९ ला पाण्यात होता ना?" होता. २०२१ लाही पाणी आलं. साताऱ्यात बसून कोयनेतून किती विसर्ग सोडला ते त्या रोज ऐकतात, आणि ते पाणी पुढे कुणाच्या दारात जातं हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, पाणी चढलं की कुत्रं कुठे न्याल? पुरात बोटीत माणसं घेतात, जनावरं राहतात, आणि मग लोक जनावरासाठी मागे राहतात. आमची योजना मी फोनवरच सांगितली. कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला जायच्या आतच, ४५ ची धोका पातळी येईपर्यंत वाट न बघता, सासूबाई आणि कुत्रं विश्रामबागेत नणंदेच्या दुसऱ्या मजल्यावर जातील. "नणंदेला विचारलंय का?" म्हणाल्या. मी नणंदेला फोन लावून दिला. दोघी अर्धा तास बोलल्या.

कुणाला वाटेल, पैसे देऊन कुत्रं घ्यायचं त्याला इतकी उलटतपासणी कशाला. मला उलट तिथेच खात्री पटली. पिल्लू कुठल्या घरात जातंय याची ज्याला पर्वा आहे, तो ते कसं वाढवत असेल याची काळजी आपल्याला करावी लागत नाही.

पिल्लं महिन्याची झाल्यावर बघायला बोलावलं. त्याआधी नाही, कारण बाहेरून आलेल्या चपलांवरून, कपड्यांवरून पार्वो घरात येतो आणि जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. पेठ नाका, कऱ्हाड करत सव्वाशे किलोमीटर गेलो. दारात चपला काढल्या, पाय धुतले, हात धुतले, मग आत. घरात वास नव्हता. पाच पिल्लं, दोन मोठी कुत्री, आणि तरी हॉलमध्ये फक्त फोडणीचा वास येत होता.

चंदा, म्हणजे पिल्लांची आई, स्वतः दाराशी येऊन आम्हाला हुंगून गेली. शेपूट न कापलेली, आणि ती शेपूट थांबतच नव्हती. पाठीचे केस विंचरलेले, पोटाकडचे झडलेले, दूध पाजणाऱ्या कुत्रीचे झडतातच. मुलीने हात पुढे केला, तिने चाटला आणि मग पिल्लांकडे जाऊन आमच्याकडे बघत बसली. तिला आमची भीती नव्हती, रागही नव्हता. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा पिल्लाआधी आईकडे बघा. माणसांत बिनधास्त वावरणाऱ्या आईच्या पोटी आणि तिच्या संगतीत पिल्लू तसंच होतं, बुजऱ्या आईची पिल्लं बहुधा बुजरी निघतात.

पिल्लांची जागा स्वयंपाकघराच्या लगतच्या खोलीत. प्लायवूडची मोठी पेटी, आतून चारी बाजूंनी भिंतीपासून थोड्या अंतरावर दांडी ठोकलेली. आई टेकून बसली की पाठीमागचं पिल्लू चिरडू नये म्हणून ती दांडी. पिल्लं डिसेंबरअखेरची, साताऱ्याची थंडी, आणि जन्मलेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून वर एका कोपऱ्यात बल्ब. एकाच कोपऱ्यात, कारण गरम वाटलं तर पिल्लाला सरकायला थंड जागा हवी. काकांनी एवढं सगळं स्वतः ठोकून केलेलं आहे.

आणि ती वही. साधी दोनशे पानी, शाळेची. पानाला पाच रकाने, प्रत्येक पिल्लाच्या गळ्यातल्या लोकरीच्या रंगाचा एक: लाल, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी. जन्मल्यापासून रोज सकाळचं वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतलेलं. निळीचा जन्माचा आकडा २१० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी २०४, तिसऱ्या दिवशी पुन्हा २०४. त्या आकड्याभोवती पेनाने गोल, आणि बाजूला काकूंच्या अक्षरात 'मागच्या आचळाला लावली, रात्री दोनदा'. चौथ्या दिवशी २२१. तिथून आकडे चढत गेलेले. जंताचं औषध कधी दिलं, डोळे कधी उघडले, पहिलं घन अन्न कधी, सगळं त्याच वहीत. माझं अख्खं नोकरीचं आयुष्य नोंदी ठेवण्यात गेलंय. कुठली नोंद रोजच्या रोज झालेली आणि कुठली एका बैठकीत भरून काढलेली, ते मला शाईवरून कळतं. ही वही रोजची होती. निळी म्हणजे आमची तिळू.

मग काकांनी कपाटातून फाईल काढली. कॉकरमध्ये दोन आनुवंशिक आजार फार वाईट. एक एफएन, त्यात सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात मूत्रपिंडं निकामी होतात. दुसरा पीआरए, त्यात डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो आणि कुत्रं आंधळं होतं. दोन्हींची डीएनए तपासणी होते, गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात. दोन्ही आजारांत सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पिल्लू आजारी पडतं. पिल्लांचा बाप पुण्याचा, त्या नराचे दोन्ही रिपोर्ट क्लिअर होते, म्हणजे सदोष जनुक नाही. चंदाचा एफएन क्लिअर, पण पीआरएला ती कॅरिअर, म्हणजे सदोष जनुक एकाच बाजूने आलेली, स्वतः धडधाकट. हे मी रिपोर्टमध्ये शोधून काढलं नाही, काकांनी त्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. "म्हणून हिच्यासाठी नर क्लिअरच बघावा लागतो. हिच्या पिल्लांपैकी साधारण निम्मी कॅरिअर निघतील, आंधळं कुणीच होणार नाही. पण दोन कॅरिअर एकत्र आणले तर चारात एक जाईल. म्हणून म्हणतो, न तपासता पिल्लं काढू नका." विकणारा माणूस आपल्या मालातली उणी बाजू बोट ठेवून दाखवतो हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. रिपोर्टवर कुत्र्याचा मायक्रोचिप नंबर होता. काकांनी चिप वाचायचं यंत्र चंदाच्या मानेवरून फिरवलं आणि नंबर जुळवून दाखवला. कुणी नुसते रिपोर्ट दाखवले तर हे जुळवून मागा. कागद कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो.

मुलीचा जीव सोनेरी पिल्लावर जडला होता. काकूंनी ते दिलं नाही. त्यांच्याकडे पिल्लू आपण निवडत नाही, त्या निवडतात, तेही सातव्या आठवड्यानंतर, सगळ्यांचे स्वभाव पाहून. सोनेरी नर धीट आणि दांडगा, तो वाठारच्या एका शेतकरी घरात गेला. "तुमच्याकडे वयस्कर बाई आहेत, जुन्या घराचे उंबरे आहेत. तुम्हाला निळी." निळ्या लोकरीची ही पिल्ली रंगानेही ब्लू रोअन, म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके मिसळलेला रंग. जन्मली तेव्हा ती जवळजवळ पांढरीच होती, काळे कान आणि पाठीवर दोन डाग. रोअन पिल्लं तशीच जन्मतात, ठिपके मागून भरतात. मुलगी गाडीत बसेपर्यंत गप्प होती. आज तिला विचारलं तर सोनेरी आठवतही नाही, आणि सासूबाईंच्या पायात तिळू एकदाही आली नाही. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या की तीही थांबते.

आता मला या घराबद्दल जे सगळ्यात ठासून सांगायचंय ते. आपण पैसे मोजतो ते पिल्लाच्या पहिल्या आठ-नऊ आठवड्यांचे. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ज्यावरून चालतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. त्यातला मोठा भाग ब्रीडरच्या घरीच सरतो, तो नंतर कितीही प्रेम केलं तरी भरून काढणं अवघड. काकूंची पिल्लं कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर ऐकत मोठी झाली. शहाबादी फरशी, गुळगुळीत टाइल, पोतं, अंगणातली माती, सगळ्यावरून चालवली. शेजारची शाळकरी मुलं संध्याकाळी हात धुऊन त्यांच्यात बसायला यायची. जेवणाच्या वेळी काकू मोबाईलवर ढोल-ताशा लावायच्या, आधी अगदी बारीक, मग रोज थोडा मोठा. पिल्लं जेवणातून तोंड वर काढेनाशी झाली की आणखी थोडा. सांगलीत गणपतीत काय दणका असतो ते माहीत आहेच. विसर्जनाला आमच्या गल्लीतून ताशे गेले तेव्हा तिळू खिडकीशी बसून होती. दिवाळीत सुतळी बॉम्बला दचकली, उठून सासूबाईंच्या खोलीत गेली, थोड्या वेळाने आपणच बाहेर आली. गल्लीतली दुसरी कुत्री चार-चार दिवस पलंगाखाली असतात. हे नशीब नाही, काकूंच्या त्या दोन महिन्यांच्या कष्टाचं फळ आहे.

न्यायला गेलो ते मार्चच्या सुरुवातीला, पिल्लं नऊ आठवडे पार केल्यावर. लसींचं पुस्तक, त्यात पहिल्या लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही, दुसरा डोस झालेला, रेबीजची तारीख आमच्याकडे टाकून दिलेली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचा फॉर्म आमच्यासमोर भरला. चार दिवसांचं तिच्या सवयीचं खाणं, आणि आईच्या अंथरुणातला फडक्याचा तुकडा, पहिल्या रात्री जवळ ठेवायला. पहिल्या दोन रात्री ती त्यावर झोपली. एका कागदावर मराठीत लिहिलेला करार. तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, काही निघालं तर पिल्लू परत आणि पैसे परत. वेळ आल्यावर नसबंदी करायची. आणि कधीही, कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने सांभाळता आलं नाही तर कुत्रं परस्पर कुणाला द्यायचं नाही, त्यांच्याकडेच आणायचं. अंगणात एक दहा वर्षांचा काळा कॉकर पहुडला होता. तो असाच परत आलेला. मालकाची बदली झाली आणि त्याने करार पाळला.

पैसे बत्तीस हजार. घासाघीस नाही. नवऱ्याने सवयीने एकदा विचारून पाहिलं, काका हसून म्हणाले, "तुमच्या सौद्यात करा की." विदाउट पेपरवाल्यांकडे याच्या निम्म्यात मिळतं हे खरं. पण नराची फी, तपासण्या, पाच पिल्लांच्या लसी, चंदाचं खाणं आणि दोन माणसांच्या रात्री धरल्या तर काका-काकूंना यात काय सुटत असेल हा प्रश्नच आहे.

निघण्याआधी काकूंनी मुलीला खाली बसवून कान साफ करायला शिकवला, आणि हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. लोंबता कान उलटा करून धरायचा. औषधाचे थेंब आत सोडायचे. मग कानाच्या मुळाशी, जिथे नळीसारखं बोटाला लागतं, तिथे हलक्या हाताने चोळायचं. पिचपिच आवाज आला पाहिजे, आला नाही तर औषध आत गेलेलं नाही. सोडायचं, कुत्रं डोकं झाडतं, मळ वर येतो. बोट पोचेल तेवढाच भाग कापसाने पुसायचा, बड्स अजिबात नाहीत. कानाच्या आतल्या वरच्या भागातले केस बारीक ठेवायचे म्हणजे वारा लागतो. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात आणि आंघोळीनंतर हमखास. वास आला किंवा मळ काळपट दिसला तर घरगुती उपाय न करता डॉक्टर. खायचं भांडं निमुळत्या तोंडाचं आणि खोल घ्यायचं, तोंड आत आणि कान बाहेर. आमच्याकडे सासूबाईंनी त्यासाठी जुना पितळी गडू काढला होता. काकूंनी पितळ नको म्हटलं, मग स्टीलचा उभा डबा झाला.

पहिलं दुखणं ऑक्टोबरात आलं. जतला शेतावर गेलो होतो, बांधावर कुसळी गवत वाळून उभं. परतल्यावर रात्री तिळू एका बाजूला मान वाकडी करून डोकं झाडायला लागली, कान पायाने ओरबाडायला लागली. काकूंना फोन केला, रात्री दहा वाजता. त्यांनी दोन प्रश्न विचारले, एकच कान का, आणि गवतात गेली होती का. "कुसळ गेलंय. तेल घालू नका, चिमट्याने काढू नका, ते पुढेच सरकतं. गळ्यात काहीतरी गुंडाळा म्हणजे ओरबाडणार नाही, आणि सकाळी उघडल्या उघडल्या डॉक्टर." सकाळी डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन पडद्याजवळून कुसळ काढलं, काटेरी टोक आतल्या बाजूला. उशीर झाला असता तर पडदा गेला असता म्हणाले. दुपारी काकूंचा फोन, काढलं का? तेव्हापासून शेतावरून आलं की कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या तपासल्याशिवाय आम्ही गाडीत बसत नाही. गोचिडीही त्यातच सापडतात.

आता न आवडलेलं. वाट फार बघावी लागते. चंदा व्याली की लगेचच्या माजाला काकू तिला नराकडे नेत नाहीत, त्यामुळे आमचं नाव घेतल्यापासून पिल्लू हातात यायला वर्षाच्या जवळ गेलं. मधे एकदा तर गर्भच राहिला नव्हता, आणि ते त्यांनी आपणहून कळवलं नाही, आम्ही विचारलं तेव्हा सांगितलं. यादीतल्या लोकांना एक मेसेज टाकायला हवा होता. दुसरं, केसांची निगा त्यांनी जेवढी सोपी सांगितली तेवढी नाही. रोज स्टीलच्या फणीने विंचरूनही कानामागे आणि मांड्यांवर गुंता होतो. महिना-दीड महिन्यातून ट्रिमिंगला न्यावंच लागतं, तो खर्च आधीच धरा. मात्र उन्हाळ्यात मशीनने पूर्ण भादरायचं नाही हे त्यांचं सांगणं खरं. आमच्या ओळखीच्या एका कॉकरचे केस भादरल्यावर परत आले ते लोकरीसारखे. मे महिन्यात आम्ही सकाळी सहाच्या आत फिरवून आणायचो, आणि डांबरावर उलटा हात ठेवून चटका बसत नाही ना ते बघूनच. घर अरुंद बोळात आहे, चारचाकी मुख्य रस्त्याला लावून चालत जावं लागतं. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत.

सगळं घर दिवसभर बाहेर असतं त्यांनी इथे जाऊ नये, त्या देणारच नाहीत. ज्यांना पुढे पिल्लं विकायची आहेत त्यांनीही. रंग आणि लिंग ठरवूनच हवं असेल तरी नाही. बाकीच्यांनी पहिल्या फोनला तासभर वेळ काढावा, घरातल्या सगळ्यांना जवळ बसवावं, कारण त्या प्रत्येकाशी बोलतात. डिसेंबरच्या पिल्लांनंतर चंदाला विश्रांती दिली आहे. पुढची पिल्लं पावसाळा सरल्यावर अपेक्षित आहेत आणि यादीत आधीच चार-पाच घरं आहेत, असं परवाच्या फोनवर कळलं. त्यातलं एक नणंदेचं आहे.